एकटीने फिरायला जायचंय, पण दिवेलागणीनंतर करायचं काय?

नौपाडा_गल्ली

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच. मी ठाण्यात राहते, नोकरी करते, वय ४७. मुलगी शिकायला बाहेरगावी आहे, घरी नवरा आणि सासूबाई, सगळं व्यवस्थित आहे, कुणाशी भांडण नाही की काही दुखणं नाही. तरी गेल्या वर्षापासून डोक्यात एकच घोळतंय की एकटीने कुठेतरी जाऊन यावं. टूर कंपनी नको, मैत्रिणींचा ग्रुप पण नको. एकटीनेच.

घरी बोलले तर नवरा म्हणाला अगं मग मी पण येतो की, माझी रजा शिल्लक आहे. इतकं प्रेमाने म्हणाला की पुढे काही बोलवेचना. ऑफिसमधल्या मैत्रिणीने बाजूला घेऊन विचारलं घरी सगळं ठीक ना. बाई एकटी निघाली म्हणजे देवदर्शन, माहेर नाहीतर भांडण, चौथं काही लोकांच्या मनातच येत नाही आणि मला याचा खरंच त्रास होतो.

मला नक्की काय हवंय ते विचाराल तर नीट सांगता यायचं नाही. मी एकटी कधी राहिलेच नाहीये. माहेरी दोन खोल्यांत आम्ही सगळे, मग लग्न, मग मुलगी, लोकलमध्ये सुद्धा आमचा ठरलेला ग्रुप. परवा घरी कुणी नव्हतं म्हणून येताना तलावपाळीला थांबले, म्हटलं आज आपल्या मनाचं काहीतरी खाऊ, आणि तिथे खाण्याच्या गाड्यांसमोर कितीतरी वेळ नुसती उभी राहिले कारण मला काय खायचंय तेच कळेना. नवऱ्याला काय आवडतं, मुलीला काय चालत नाही, सासूबाईंना तिखट किती, सगळं पाठ आहे. माझं मला सांगता आलं नाही. घरी येऊन रडू आलं.

तर विचारायचं हे की 'स्वतःचा शोध' वगैरे जे म्हणतात ते खरंच काही होतं का? जे जाऊन आलेत त्यांनी खरं खरं सांगा, फोटोखाली लिहायचं ते नको. आणि दुसरं म्हणजे दिवसा बघायला काही ना काही असतंच, वेळ जाईल, पण दिवेलागणीनंतर काय करायचं? खोलीवर जाऊन भिंतीकडे बघत बसायचं का? मला त्या वेळेचीच धास्ती जास्त आहे. ठाण्याहून पहिल्यांदा जायला बरी अशी जागा पण सुचवा, मनात कोकण आहे.

सीवूड्सची_चिमणी

ताई, तुमचं तलावपाळीचं वाचलं आणि पोस्ट परत वर जाऊन वाचली. मी नेरूळला असते, तुमच्यापेक्षा लहान, लग्न झालेलं नाही, तरी 'एकटीच?' हे मलाही चुकलेलं नाही.

मी कर्नाटकात बदामीला गेले होते. बनशंकरी आमची कुलदेवता, ते देऊळ बदामीपासून पाचेक किलोमीटरवर. लहानपणापासून सगळं कुटुंब गाडी करून जातं, अभिषेक करायचा, ओटी भरायची, जेवायचं आणि परत फिरायचं. लेणी बघायची म्हटलं की 'चला चला, अंधार व्हायच्या आत निघायचंय', मग धावत चार पायऱ्या चढायच्या, फोटो काढायचा, उतरायचं. मी कायम मागे राहायचे आणि कायम ओरडा खायचे. घरात माझं नावच पडलंय रेंगाळणारी म्हणून.

तर एकटी गेले तेव्हा सकाळी लेण्यांवर गेले. पहिल्या लेण्याच्या बाहेरच अठरा हातांचा नटराज आहे, एक डावा एक उजवा अशी हातांची जोडी धरून बघितली की दरवेळी वेगळी मुद्रा दिसते, गाईड लोक ८१ मुद्रा होतात असं सांगतात. मी त्याच्यासमोर बसले आणि एकेक जोडी बघत राहिले. शाळेच्या सहली आल्या आणि गेल्या, माकडं येऊन बॅग हुंगून गेली (खायचं काही बरोबर नेऊ नका तिथे, ओढून नेतात), ऊन सरकलं, मी आपली तिथेच. कुणी चल म्हणालं नाही. दुपारी तिसऱ्या लेण्यात गेले, तिथे इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे, मंगलेश चालुक्याने कोरवलेला, आणि छताला जुन्या रंगांचे डाग अजून दिसतात, ते मान दुखेपर्यंत बघितले. जवळची पट्टदकल आणि ऐहोळेची जुनी देवळं करायचा प्लॅन होता, तो मी आपणहून सोडून दिला आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच लेण्यांत गेले.

तुम्ही खरं खरं सांगा म्हणालात म्हणून सांगते, माझ्या हाती लागलं ते एवढंच, की मला एका गोष्टीपाशी खूप वेळ थांबायला आवडतं आणि तो माझा दोष नाही. ऐकायला किरकोळ वाटेल, पण ज्या गोष्टीसाठी मी तीस वर्षं बोलणी खाल्ली तीच मला माझ्यातली सगळ्यात आवडती निघाली. आता रविवारी मी एकटी उठून मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जाते आणि एकाच दालनात बसते, कुणाला विचारत नाही.

संध्याकाळचं म्हणाल तर तुमची धास्ती खरी आहे, खोटा धीर देणार नाही. बदामीला अगस्त्य तलाव आहे, पायऱ्यांवर बायका धुणं धुतात आणि धोपटण्याचा आवाज समोरच्या तांबड्या कड्यावर आपटून परत येतो. तोवर छान असतं. मग बायका पिळे घेऊन घरी जातात, दिवे लागतात आणि पोटात कालवायला लागतं. पहिल्या दिवशी मी आईला सारखे फोन केले. दुसऱ्या दिवशी ठरवून फोन पर्समध्ये ठेवला आणि नुसती बसले. खूप उदास वाटलं, उगाच जुनी माणसं आठवली, आणि मग साधारण पाऊण तासाने भूक लागली. म्हणजे ते कालवणं आपोआप गेलं. ते जातं, त्यासाठी काही करावं लागत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं, कारण मी दरवेळी ते यायच्या आधीच कुणाला तरी फोन लावायचे. मग खानावळीत जाऊन ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे त्यांची भरली वांगी आणि शेंगाची चटणी खाल्ली, खोलीवर येऊन झोपले. लवकर जेवा आणि लवकर झोपा, संध्याकाळ आपोआप लहान होते.

खारघर_टेकडी

ताई, मी खारघरला असतो, वय ६३. आमचा ट्रेकचा ग्रुप होता, हरिश्चंद्रगड, रतनगड, नाणेघाट सगळं एकत्र केलेलं. मग एकेकाचे गुडघे गेले, एक मित्र मुलाकडे परदेशात गेला, बायकोला बस लागते त्यामुळे ती येत नाही, आणि मी घरात बसून नकाशे बघायला लागलो. शेवटी तीच म्हणाली जा एकदाचा.

मध्य प्रदेशात महेश्वरला गेलो. कल्याणहून खांडव्यापर्यंत रेल्वे, तिथून बसने ओंकारेश्वर, मग महेश्वर. अहिल्याबाईंची राजधानी. किल्ल्यातून पायऱ्या उतरत थेट नर्मदेच्या पाण्यापर्यंत येतात आणि तो घाट इतका रुंद आणि देखणा आहे की संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न तिथे पडत नाही, सगळं गावच घाटावर असतं. पहिल्यांदा एकटं जाणाऱ्याने नदीकाठचं गाव धरावं असं माझं मत आहे. हॉटेलात एकटा माणूस दिसतो, घाटावर कुणी एकटं दिसत नाही.

तिथे परिक्रमावासी, म्हणजे नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालणारे, येऊन बसतात. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र कुठेही ओलांडायचं नाही, चातुर्मासात एका जागी मुक्काम करायचा. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस, हल्ली बरेच जण काही महिन्यांत पूर्ण करतात. त्यात मराठी माणसं पुष्कळ. सांगलीकडचे एक गृहस्थ काठी बाजूला ठेवून तळपायाला तेल चोळत बसले होते, टाचांना भेगा पडून त्यात माती बसलेली. कुठले आपण, काय करता, असं बोलणं सुरू झालं आणि बोलता बोलता मी त्यांना माझ्या वडिलांविषयी सांगायला लागलो. वडील गिरणी कामगार. १९८२ चा संप झाला, त्यात गिरणी सुटली ती सुटलीच, आणि त्यानंतर ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत, खिडकीशी बसून असायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो.

हे मी ट्रेकच्या मित्रांना इतक्या वर्षांत कधीही सांगितलं नव्हतं. बायकोलाही तुकड्यातुकड्यातच माहीत. ग्रुपमध्ये माझं काम ठरलेलं होतं, शेकोटीपाशी गमतीचे किस्से सांगायचे आणि सगळ्यांना हसवायचं, त्यात वडील कुठे बसणार? त्या घाटावर माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती आणि तोंडातून पहिलं निघालं ते हे. मलाच ऐकून धक्का बसला की हे एवढं आत होतं. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, नर्मदे हर म्हणाले आणि पायात मोजे चढवले. सल्ला दिला नाही याचं मला फार बरं वाटलं.

घरी आल्यावर धाकट्या भावाला फोन केला. वडिलांबद्दल आम्ही दोघं भाऊ पहिल्यांदाच नीट बोललो, तो तर रडलाच.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. फक्त अनोळखी माणसांशी बोला ताई. नुसतं एकटं राहू नका, बोला आणि आपण काय बोलतोय तिकडे लक्ष ठेवा.

घणसोली_नाईटशिफ्ट

थोडं वेगळं मत मांडतो, कुणी मनाला लावून घेऊ नका. मी आयटीत आहे, रात्रपाळी असते. मागे फार कंटाळलो होतो म्हणून हिमाचलात बीरला जाऊन राहिलो, डॉर्ममध्ये बेड घेतला, लॅपटॉप बरोबर. समोर डोंगर, आकाशात पॅराग्लायडर, आणि मी तिकडे पण रात्री दोनपर्यंत फोन बघत जागा आणि सकाळी चिडलेला. डॉर्ममधल्या पोरांशी बोलणं व्हायचं पण सगळे तेच विचारायचे, कुठून आलास, पुढे कुठे जाणार, उद्या ते निघून जायचे आणि नवीन यायचे. मला तिथे शोध वगैरे काही लागला नाही. एवढं मात्र स्पष्ट दिसलं की माझा थकवा मुंबईचा नव्हता, माझ्या कामाच्या वेळांचा होता, तो बॅगेतून माझ्याबरोबरच आला होता. त्यासाठी एवढं लांब जायची गरज नव्हती असं मला अजूनही वाटतं.

ताई, तुम्ही थेट मुक्कामाला जायच्या आधी इथेच एक दिवस एकट्या फिरून बघा ना. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडली की दिघा गाव आणि मग ऐरोली. तिथल्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते, वेळ भरतीवर असते त्यामुळे आधी चौकशी करून बुकिंग करावं लागतं. साधारण नोव्हेंबर ते मे पक्षी असतात. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, आणि आपल्यातले निम्मे लोक रोज ऐरोलीच्या पुलावरून खाली न बघता जातात. मी इअरफोन घरी ठेवून गेलो होतो. बोट खारफुटीच्या कडेने जाते, चिखलात हजारो गुलाबी पक्षी माना खाली घालून खात असतात आणि इंजिन बंद केलं की त्यांचा गलका ऐकू येतो. बीरपेक्षा मला तिथे जास्त शांत वाटलं, हे मनापासून सांगतोय.

सीवूड्सची_चिमणी

घणसोली, अर्धं पटलं. फ्लेमिंगोचं तर शंभर टक्के, आमच्याकडे डीपीएस तलावावर पण येतात. पण एक दिवस फिरून आपण संध्याकाळी घरीच येतो ना रे, दार उघडलं की परत तीच आपण, कुकर लावणारी. ताईंना भीती रात्रीची आहे आणि ती रात्र बाहेर काढल्याशिवाय जाणार नाही. शिवाय तुला कामाच्या वेळांचं कळलं तेही बीरला जाऊनच कळलं की.

घणसोली_नाईटशिफ्ट

हं. हे खरंय. त्यानंतरच शिफ्ट बदलून मागितली मी.

पारसिक_डोंगर

शोधाचं वरच्यांनी छान सांगितलंय, मी व्यवहाराचं बोलते कारण पहिल्या वेळी तिथेच जीव मेटाकुटीला येतो. मी कळव्याची, पन्नाशी उलटली, वर्षातून एकदा तरी एकटी जातेच.

सगळ्यात मोठा प्रश्न खोलीचा. कोकणात बरेच लॉजवाले एकट्या माणसाला खोली देत नाहीत, बाई असो की पुरुष. मनात भीती असते की हा माणूस जीवाचं काही बरंवाईट करायला तर आला नाही ना. मला एका गावी आधारकार्ड दाखवून सुद्धा नाही म्हणाले, बाहेर अंधार पडत होता आणि त्या क्षणी इतकं अपमानास्पद वाटलं की काय सांगू. तेव्हापासून मी घरगुती सोय बघते, आधी स्वतः फोन करते आणि पहिल्याच वाक्यात सांगते की मी एकटी येणार आहे, वय इतकं, फिरायला येतेय, जेवण तुमच्याकडेच. घरातल्या बाईशीच बोलते. एकदा त्या बाई हो म्हणाल्या की मग काळजी नाही, उलट त्याच विचारतात अहो पोचलात का.

रेल्वेचं सांगते, ४५ च्या वरची बाई एकटी प्रवास करत असेल तर लोअर बर्थच्या कोट्यात बसते, तुम्ही बसता. आरपीएफचं, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचं, 'मेरी सहेली' आहे २०२० पासून, एकट्या बायकांची महिला पोलीस डब्यात येऊन विचारपूस करतात, सीट नंबर लिहून घेतात. १३९ (रेल्वेची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) फोनमध्ये सेव्ह करा. एसटीला मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एसटीचा काही दिवस कुठेही फिरायचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास आपल्याला फारसा परवडत नाही, सुटी तिकिटंच बरी.

जागा म्हणाल तर मी गुहागर सांगेन. ठाण्याला मांडवी एक्सप्रेस पकडा, सकाळची आहे, दुपारपर्यंत चिपळूण. रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस घेऊ नका, ती चिपळूणला पहाटे अंधारात उतरवते. मांडवीत खायला भरपूर येतं, खिडकीची जागा मिळाली तर रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू होते तिथून पुस्तक मिटून ठेवा. बऱ्याच ठिकाणी सिंगल लाईन आहे त्यामुळे क्रॉसिंगला छोट्या स्टेशनवर गाडी थांबते तेव्हा चिडायचं नाही, बाहेर बघायचं. चिपळूण स्टेशन गावाबाहेर वालोप्याला आहे, तिथून रिक्षाने एसटी स्टँड आणि मग गुहागरची एसटी, दीड एक तास.

गुहागर पहिल्या वेळेला चांगलं यासाठी की सगळं पायी होतं. स्टँड, व्याडेश्वराचं देऊळ, बाजार, समुद्र, सगळं हाकेच्या अंतरावर, आणि किनारा लांबच लांब, सुरूच्या झाडांच्या सावलीतून चालता येतं. संध्याकाळी समुद्रावर सूर्य बुडेपर्यंत बसायचं, अंधार व्हायच्या आत गावात यायचं, देवळात थोडं टेकायचं, मग घरी जेवायला. ज्या घरी उतराल तिथल्या बाईंना विचारा मी नारळ खवून देऊ का, फणस निवडू का, जे काही चाललं असेल ते. रिकाम्या हातांनी ओट्यावर बसलं की संध्याकाळ अंगावर येते, कामाला हात लावला की गप्पा आपोआप सुरू होतात. चिमणीने सांगितलं तसं कालवणं आपोआप जातही असेल, पण मला गप्पांनीच जातं, मी तशीच आहे आणि हेही मला फिरूनच कळलं. एकटी पाण्यात मात्र उतरू नका, पाय भिजवण्यापुरतंच. आणि शनिवार-रविवार टाळा, सोमवार ते गुरुवार जा, ग्रुप नसतात तेव्हा घरच्या लोकांनाही बोलायला वेळ असतो.

खारघर_टेकडी

फणस निवडायचं लाख बोललात ताई.

नौपाडा_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मोकळेपणाने लिहाल असं वाटलं नव्हतं.

खारघरच्या काकांचं लिहिलेलं नवऱ्याला वाचायला दिलं. त्याचे वडीलही गिरणीत होते. वाचून बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला स्टेशनवर सोडायला तरी येऊ का. म्हटलं ये. सासूबाईंनी विचारलं व्याडेश्वराला काही बोललीयेस का, म्हटलं नाही हो आई, नुसतीच जातेय. तर म्हणाल्या मी तुझ्या वयाची होते तेव्हा मला नाशकाला बहिणीकडे एकटीने जायचं होतं, ह्यांनी पाठवलं नाही. लग्नाला माझ्या इतकी वर्षं झाली, हे मला आज कळलं. मी अजून घरातून निघालेही नाहीये आणि हे सगळं बाहेर यायला लागलंय.

फ्लेमिंगोला पुढच्या महिन्यात जाणार, घणसोली. पण मुक्कामाला गुहागरच. पारसिकताईंनी सांगितलं तसा फोन केला, एक बाई लगेच हो म्हणाल्या, त्यांनी फक्त मासे खाता का एवढंच विचारलं आणि मी चक्क सांगितलं की मला सुरमईपेक्षा बांगडा आवडतो. घरी आमच्याकडे कायम सुरमई येते.

आता दोन शंका. जानेवारीत गर्दी असते का? आणि गुहागरहून धोपाव्याला जाऊन फेरीबोटीने दाभोळला जाता येतं असं वाचलं, तिथे पायी माणसाला घेतात की गाडीच लागते?

पारसिक_डोंगर

घेतात की, गाववाले रोज पायीच जातात, तिकीट तिथेच मिळतं. गाड्या चढेपर्यंत बाजूला थांबायचं आणि मग चढायचं. गुहागर स्टँडवर सकाळीच धोपाव्याच्या एसटीची वेळ विचारून ठेवा, आणि परतीची पण, गाड्या कमी असतात. दाभोळला उतरलात की चंडिकादेवीचं देऊळ बघा, जमिनीखाली गुहेत आहे, वाकून जावं लागतं आणि आत अंधार असतो, गुडघे बरे असतील तरच. पुढे दापोलीकडे जायचं असेल तर दाभोळहून एसटी आहे, पण पहिल्या वेळी दुपारच्या फेरीने परत गुहागरला या. जानेवारीत २६ च्या आसपासची सुट्टी सोडून बाकी दिवस मोकळे असतात. मांडवीचं बुकिंग मात्र आजच बघा, सुट्ट्या नसल्या तरी ती भरते.